जर्मनीत स्टार्टअप: आधी कंपनी की आधी व्हिसा?

पुण्याहून बर्लिनला येऊन दोघा भागीदारांनी स्टार्टअप काढायचा, तर आधी कंपनी नोंदवायची की आधी व्हिसा घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. या दोन वेगळ्या वाटा आहेत. भारतात राहूनही जर्मन कंपनीचं मालक होता येतं, पण तेवढ्याने इथे राहायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी जर्मन निवास कायद्याच्या कलम 21 खाली स्वयंरोजगाराचा परवाना लागतो. कल्पना किती नवी आहे एवढंच त्यात बघत नाहीत; तुमचा अनुभव, भांडवलाची सोय, इथे रोजगार तयार होणार का, हेही तपासतात. वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावा लागतो.

जीएमबीएच म्हणजे जर्मनीतली मर्यादित जबाबदारीची कंपनी; तिचं भांडवल किमान 25,000 युरो. नोंदणीआधी किमान 12,500 भरायचे. उरलेले माफ होत नाहीत, कंपनी बुडाली तर ते तुमच्याकडून वसूल होतात. भरलेली रक्कम मात्र अडकून पडत नाही. पगार, भाडं, लॅपटॉप यांवर ती खर्च करता येते, फक्त परत स्वतःच्या खिशात घालायची नाही. ‘एक युरोत कंपनी’ म्हणून लोक यूजी, म्हणजे जीएमबीएचचाच कमी भांडवलाचा प्रकार, सुचवतील. कायद्यात ते बसतं, पण नोटरीचं बिल आलं की अशी कंपनी पहिल्याच दिवशी कर्जात जाते. यूजीच काढायची तर निदान काही हजार युरो घाला.

क्रम असा: नोटरीसमोर करार, मग बँक खातं, मग भांडवल, भरल्याचा पुरावा नोटरीकडे, शेवटी हँडेल्सरजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारी व्यापार नोंदवहीत, नोंद. ती होईपर्यंत कंपनीच्या नावाने सही केलीत तर जबाबदारी तुमच्या अंगावर येऊ शकते. घोडं अडतं ते बँकेत. संचालकाचा इथला पत्ता नसेल तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, म्हणून नोटरीची तारीख घेण्याआधी बँकेशी बोला. जर्मन येत नसेल तर दुभाषाही आधीच ठरवा.

नोटरीकडचा कराराचा तयार नमुना स्वस्त पडतो, पण त्यात संचालक एकच ठेवता येतो आणि भागीदार मध्येच सोडून गेला तर त्याच्या हिश्श्याचं काय, हे लिहिलेलं नसतं. दोघं आहात, तेव्हा स्वतंत्र करारच करा.

भारतातून भांडवल पाठवताना ते घरखर्चाच्या नावाखाली पाठवू नका. ही परदेशी गुंतवणूक आहे. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरावा लागतो, आणि माणशी आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे.

नोंद जाहीर झाली की सरकारी वाटणारी बिलं टपालाने येऊ लागतात. त्यांतली बरीच फसवी असतात. नोटरीला दाखवल्याशिवाय एकही भरू नका.