बेस हलवला, स्लाइम रुसले

प्रश्न : ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) गेममधलं माझं सर्व्हायव्हल जग, म्हणजे सगळं स्वतः गोळा करून तगायचा प्रकार, दोन वर्षांचं आहे, जावा एडिशन (कॉम्प्युटरवरची आवृत्ती). डोंगरउतारावर तीन मजली घर, खाली स्लाइम (हिरवे चिकट प्राणी) मिळवायचं फार्म, शेजारी नऊ व्हिलेजरांचा (गेममधल्या गावकऱ्यांचा) ट्रेडिंग हॉल आणि अंगणात नेदर या पाताळासारख्या दुसऱ्या जगात जायचं पोर्टल. आता साधारण १७०० ब्लॉक लांब समुद्राकाठी एक सुरेख जागा सापडली आहे. मित्र म्हणतो, सेव्ह एडिटरने (सेव्ह केलेलं जग गेमबाहेरून बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने) अख्खा बेस दहा मिनिटांत उचलून तिथे ठेवता येईल. ठेवू का?

उत्तर : ठेवा. दहा मिनिटंही खरी आहेत, पण ती फक्त उचलून ठेवण्याची. त्यानंतरचे दोन रविवार मित्राने धरलेले दिसत नाहीत.

सुरुवात बॅकअपने. गेम नुसता पॉज करू नका, जगातून बाहेर पडा आणि ‘सेव्हज’मधलं त्या जगाचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. अख्खं म्हणते, कारण आतलं सामान तीन ठिकाणी विभागलेलं असतं. ब्लॉक ‘रीजन’ फोल्डरमध्ये. प्राणी, व्हिलेजर वगैरे ‘एंटिटीज’मध्ये, हे गेमच्या १.१७ आवृत्तीपासून. आणि पलंग, कामाचे ब्लॉक, पोर्टल कुठे आहेत याची नोंदवही ‘पीओआय’मध्ये. एडिटर यातलं पहिलं हमखास हलवतो, बाकीचं त्याच्या मर्जीवर.

मी माझा बेस हलवला तेव्हा भिंती, चेस्ट आणि चेस्टमधला माल बिनबोभाट आला. नव्या घरात पहिला शिरला माझा भाचा. म्हणाला, “मावशी, चेस्टवरच्या पाट्या कोणी काढल्या?” चाळीसेक चेस्ट होते आणि कशात काय आहे ते सांगणाऱ्या आयटम फ्रेम सगळ्या गायब. फ्रेम हा ब्लॉक नसून प्राण्या-व्हिलेजरांसारखी एंटिटी असते, हे मला त्या दिवशी कळलं. जुन्या घराच्या भिंती मी उत्साहाने आधीच पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे तिथे पोचून बघते तर फ्रेम गळून जमिनीवर पडलेल्या. पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते. हाताला लागल्या अकरा. तेव्हा जुनं घर आठवडाभर तरी तसंच राहू द्या.

आता किती सरकवायचं ते. समुद्राची जागा आवडली म्हणून माउसने अंदाजे पेस्ट करू नका. एक्स आणि झेड या दोन्ही आडव्या दिशांचं अंतर १६च्या पटीत घ्या. जग १६ बाय १६च्या चंकांत कापलेलं असतं (एफ३ आणि जी एकत्र दाबलंत की सीमा दिसतात), आणि चंकाला धरून बांधलेलं फार्म पटीत सरकवलं तर नव्या जागीही चंकात नीट बसतं. समजा एक्समध्ये १६०० पुढे आणि झेडमध्ये ४८० मागे असं ठरवलंत, तर ते बरोबर १०० आणि ३० चंक झाले. १६ला ८ने भाग जातो, हाही फायदाच. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ, तेव्हा नेदरमधलं पोर्टल २०० पुढे आणि ६० मागे, हिशेब पूर्णांकात. ते पोर्टल जुन्या नेदरमधून चालत जाऊन हाताने आधीच बांधा. नाहीतर नव्या अंगणातून पहिल्यांदा आत गेलात की गेम आपल्या सोयीने तिकडे दुसरं पोर्टल उभं करतो. माझं लाव्हाच्या तळ्यावरच्या कपारीत निघालं, आणि खाली बघत मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

पेस्ट करताना एडिटर विचारेल, हवेचे ब्लॉक कॉपी करायचे का? पहिल्यांदा मी ‘नाही’ म्हटलं, म्हटलं डोंगराला उगाच खड्डा नको. झालं उलटंच. घरातली मोकळी जागा म्हणजेही हवाच की! ती न आल्यामुळे झोपायच्या खोलीत डोंगराचा दगड जसाच्या तसा राहिला, पलंग त्यात चिणलेला. हवा घ्याच. घराभोवती सुरीने कापल्यासारखी चौकोनी कड दिसेल, ती माती आणि झाडं लावून हाताने मोडावी लागते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

स्लाइम फार्मचं मात्र वाईट वाटून घ्या. ते येईल, चालणार नाही. कुठल्या चंकात स्लाइम निघतील हे जगाचा सीड (ज्या आकड्यावरून गेम ते जग घडवतो) आणि चंकाचे कोऑर्डिनेट ठरवतात, साधारण दहांतल्या एका चंकाला तो मान मिळतो. तुमचं फार्म त्या चंकामुळे चालत होतं, बांधकामामुळे नव्हे. ते आहे तिथेच ठेवा आणि नेदरमधून जा-ये करा. समुद्राकाठी नवा स्लाइम चंक शोधणार असाल, तर खोदताना वाय, म्हणजे उंची, ४०च्या खाली रहा.

व्हिलेजरांच्या बाबतीत मी एडिटरवर अजिबात विसंबत नाही. प्रत्येकाच्या नोंदीत त्याचा पलंग आणि कामाचा ब्लॉक कोऑर्डिनेटसकट लिहिलेला असतो, आणि एडिटर तो पत्ता बदलेलच असं नाही. नऊच आहेत ना? होडीत एकेकाला बसवून न्या. एकदा सौदा झालेला व्हिलेजर धंदा बदलत नाही, त्यामुळे तुमचा स्वस्तात मेंडिंग (हत्यारं आपोआप दुरुस्त करणारी जादू) विकणारा ग्रंथपाल वाटेत हातचा जाणार नाही. रात्री निघू नका, एवढं पाळा.

नव्या घरी पोचल्यावर आधी पलंगावर झोपा, नाहीतर मेल्यावर उठाल जुन्याच घरात. लोडस्टोनला (कंपासची सुई आपल्याकडे वळवणाऱ्या ब्लॉकला) जोडलेला कंपास असेल तर तोही जुन्या जागेकडेच सुई धरेल, पुन्हा जोडा.

सगळं जागेवर आलं की जुन्या ठिकाणचे चंक एडिटरमधून डिलीट करा. तिथे पुन्हा गेलात की गेम त्याच सीडवरून डोंगर झाडांसकट नव्याने घडवतो. फक्त स्लाइम फार्मचा चंक त्यात चुकून निवडू नका. तो मी निवडला होता.

प्रश्न : मला घर फक्त २५ ब्लॉक डावीकडे सरकवायचं आहे. त्यासाठीही एडिटर लागेल का?

उत्तर : नाही. चीट्स (गेममध्ये कमांड टाइप करायची मुभा) चालू करून ‘क्लोन’ कमांड वापरा. एका वेळी ३२,७६८ ब्लॉकपर्यंत, म्हणजे ३२ बाय ३२ बाय ३२चा ठोकळा, चेस्टमधल्या मालासकट. घर मोठं असेल तर मजल्यामजल्याने. फ्रेम इथेही येत नाहीत.

प्रश्न : हे चीटिंग नाही का?

उत्तर : तुमच्या एकट्याच्या जगात तुम्हाला वाटलं तर आहे, नाही वाटलं तर नाही. भाच्याशी या विषयावर माझं दोनदा भांडण झालंय. ज्या जगात चार जण खेळतात तिथे मात्र आधी विचारा, आणि बॅकअप कोणाकडे आहे ते सगळ्यांना सांगून ठेवा.