दोन एमटीबी, तीन माणसे आणि एक गाडी

तुम्ही कोथरूडला राहता, तुमच्याकडे आणि पत्नीकडे २९ इंची चाकांच्या दोन एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायच्या माउंटन बाइक, आहेत, आठ वर्षांची मुलगी सोबत असते आणि रविवारी राजमाची, पानशेत किंवा मुळशीच्या बाजूला जायचे असते. सध्याची हॅचबॅक विकून पिकअप घ्यावी की सात आसनी गाडी, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय तीच गाडी आठवडाभर ऑफिससाठी आणि आईवडिलांची ने-आण करण्यासाठी वापरायची आहे. माझे मत आधीच सांगतो. सायकली आत मावतील अशी, मागच्या सीट सपाट दुमडल्या जाणारी सात आसनी गाडी तुम्हाला सोयीची पडेल. पिकअप तुमच्या गरजेपेक्षा मोठी आहे आणि टपावरच्या कॅरिअरचा विचार तर सोडूनच द्यावा.

गाडी पाहण्याआधी सायकल मोजा. मध्यम मापाच्या २९ इंची एमटीबीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधले अंतर, साधारण १.२ मीटर आणि टायरसह चाकाचा व्यास सुमारे ७४ सेंटीमीटर असतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी १.९ मीटरच्या आसपास जाते. हँडलबार ७४ ते ८० सेंटीमीटर रुंद असतो. पुढचे चाक काढले की फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) टोकापासून मागच्या टायरपर्यंत साधारण १.५५ मीटर उरतात, आणि फोर्क उलटा वळवला तर आणखी थोडी लांबी वाचते. तुमच्या दोन्ही सायकलींची ही मापे कागदावर लिहून घ्या, कारण माहितीपत्रकातले डिकीचे लिटर इथे फारसे उपयोगी नाहीत. त्यावरून बॅगा किती मावतील याचा अंदाज येतो, सायकल आत शिरेल की नाही हे कळत नाही. ते तीन मापांवर ठरते: डिकीच्या दाराची सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी, त्या दाराच्या चौकटीची उंची, आणि तुमच्या उंचीचा माणूस स्टिअरिंगवर नीट बसलेला असताना पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या कडेपर्यंतची लांबी. विक्रेता ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून जागा दाखवतो, त्यावर विसंबू नका.

सात आसनी गाड्यांमध्ये खरा फरक सीट दुमडण्याच्या पद्धतीत आहे, आणि गाडी घेताना लोक नेमके तेच पाहत नाहीत. अर्टिगा आणि कॅरेन्स यांची तिसरी ओळ निम्मी-निम्मी दुमडून खाली बसते आणि मधली ओळ ६०:४० अशी विभागलेली असते. इनोव्हा क्रिस्टा या दोन्हींपेक्षा मोठी, पण तिची तिसरी ओळ दुमडून दोन्ही बाजूंना उभी राहते, त्यामुळे सायकलला जिथे रुंदी हवी तिथेच ती कमी होते. इनोव्हा हायक्रॉसमध्ये तिसरी ओळ तळाच्या खोलगट जागेत जाते, त्यामुळे सायकलच्या दृष्टीने ती क्रिस्टापेक्षा सरस आहे. मात्र तिची किंमत पाहता केवळ सायकलींसाठी ती घ्यावी असे मी म्हणणार नाही. सहा आसनी गाड्यांत मधल्या दोन स्वतंत्र सीटांमध्ये फट राहते आणि त्या फटीत चाक, पेडल किंवा फोर्क हमखास अडकतो. तशी गाडी आवडलीच, तर प्लायवूडचा एक तुकडा मापाने कापून घ्यावा लागेल.

बजेट कमी असेल तर रेनोची सात आसनी ट्रायबर पाहाच. तिची तिसरी ओळ दुमडण्याऐवजी उचलून घरी ठेवता येते, मागे ६२५ लिटर जागा मोकळी होते आणि गाडी चार मीटरच्या आत असल्याने पुण्याच्या गल्ल्यांत अवघड जात नाही. उणीव इंजिनाची आहे. एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, ७२ पीएस शक्तीचे इंजिन माणसे आणि सायकली घेऊन ताम्हिणीचा चढ चढते, पण गिअर सतत खाली घ्यावे लागतात आणि पुढचा ट्रक ओलांडताना आधी चार वेळा विचार करावा लागतो. तुमचे बहुतेक रविवार पानशेत आणि लोणावळ्याकडे जाणार असतील, तर हे चालण्यासारखे आहे.

सीएनजीबद्दल स्पष्टच लिहितो. रोजच्या वापरासाठी सीएनजी घेण्याचा मोह साहजिक आहे, परंतु अर्टिगासारख्या गाडीत ६० लिटरची टाकी डिकीतच बसते आणि तिसरी ओळ दुमडल्यावरही सलग सपाट तळ मिळत नाही. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली आणि नंतर तीच रचना इतर गाड्यांतही आणली. त्यामुळे डिकी बरीच वाचते, पण त्या पाच आसनी गाड्या आहेत आणि तुमच्या तीन माणसे व दोन सायकलींच्या हिशेबात त्या बसत नाहीत. म्हणून पेट्रोल घ्या, किंवा कॅरेन्सकडे कल असेल तर डिझेल.

आता तीन माणसे आणि दोन सायकली प्रत्यक्षात कशा बसवायच्या, ते पाहू. तिसरी ओळ पूर्ण आणि मधल्या ओळीचा ६० टक्के भाग दुमडावा. उरलेल्या ४० टक्के भागात मुलगी बसेल. दोन्ही सायकलींची पुढची चाके काढून, सीटपोस्ट (सीटची दांडी) पूर्ण खाली करून, त्या एकमेकींना उलट्या, म्हणजे एकीचे हँडल पुढे आणि दुसरीचे मागे, अशा उभ्या ठेवाव्यात. हँडल आड येत असतील तर स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे दोन बोल्ट सैल करून हँडल फ्रेमला समांतर वळवता येते, आणि त्यासाठी वरच्या झाकणाच्या बोल्टला हात लावण्याची गरज नसते. मात्र ट्रेलवर, म्हणजे सायकल चालवायच्या कच्च्या वाटेवर, पोहोचल्यावर हँडल चाकाच्या रेषेत आणून ते बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके (आवळण्याच्या जोराइतके) घट्ट केल्याशिवाय सायकलवर बसू नये. लहान टॉर्क पाना गाडीतच ठेवावा. उभ्या मावत नसतील तर आडव्या ठेवाव्या लागतील. तेव्हा डिरेल्युअरची (मागच्या गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर ठेवायची आणि दोन सायकलींच्या मध्ये जाड गोधडी घालायची. आडव्या सायकली जास्त रुंदी घेतात, त्यामुळे ही पद्धत तुम्ही दोघेच जाणार असाल तेव्हाच जमेल.

मुलगी सायकलींच्या शेजारी बसणार असल्यामुळे सायकली बांधण्यात कसूर नको. १४-१५ किलोची सायकल जोरात ब्रेक दाबल्यावर पुढे झेपावते आणि तिच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात उघडेच असतात. फ्रेम दोन ठिकाणी रॅचेटच्या पट्ट्यांनी डिकीच्या तळातील हुकांना किंवा सीटच्या पायांना बांधा, सुटी चाके पिशवीत घालून सीटमागे अडकवा आणि मुलीच्या बाजूची पेडले काढून ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला माणूस जोर लावून ते आणखीच आवळून बसतो.

निवडलेल्या गाडीच्या शोरूममध्ये सायकल घेऊनच जा. सोबत जुनी चादर ठेवा आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी दहा मिनिटे मागा. विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या पडतील, पडू द्या. जो शोरूम यासाठी तयार होत नाही, त्याच्याकडून मी तरी गाडी घेणार नाही.

मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्त पडतो आणि तुमच्या सध्याच्या हॅचबॅकलाही बसेल, म्हणून बरेच जण तोच सुचवतात. अडचण केवळ रंगाला पडणाऱ्या ओरखड्यांची नाही. अर्टिगा आणि ट्रायबर या दोन्ही गाड्यांची रुंदी सुमारे १.७४ मीटर आहे, तर १.९ मीटर लांबीची सायकल आडवी टांगली की दोन्ही बाजूंना जवळजवळ आठ-आठ सेंटीमीटर बाहेर येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९४(१ए) नुसार मर्यादेबाहेर आलेल्या लोडसाठी २०,००० रुपये दंड आहे. प्रत्येक नाक्यावर तो आकारला जातो असे नव्हे, पण अडवणाऱ्या पोलिसाच्या हाती तेवढे कारण पुरते. पुढचे चाक काढून टांगले तर रुंदीचा प्रश्न सुटतो, नंबरप्लेटचा सुटत नाही. सायकलींमागे पाटी आणि दिवे झाकले जातात; युरोपात अशा वेळी रॅकवर दिव्यांसह जादा पाटी लावतात, आपल्याकडे एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) मात्र पुढची आणि मागची अशा दोनच मिळतात आणि हाताने रंगवलेली तिसरी पाटी तिची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे रॅक घ्यायचाच असेल तर सायकली उंच धरणारा, पाटी आणि दिवे मोकळे ठेवणारा पाहा, त्याच्या पुस्तिकेतील वेगमर्यादा द्रुतगती मार्गावरही पाळा आणि दर थांब्यावर पट्टे तपासा. मिसळ खायला उतरल्यावर दीड लाखाची सायकल रस्त्याच्या कडेला उघड्यावर टांगलेली राहते, हा मुद्दा माझ्या दृष्टीने कायद्याइतकाच मोठा आहे.

टपावरच्या कॅरिअरविषयी थोडक्यात. १.६९ मीटर उंचीच्या अर्टिगावर सायकल उभी केली की एकूण उंची पावणेतीन मीटरच्या पुढे जाते, आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचे छत त्याहून पुष्कळ खाली असते. एखाद्या रविवारी संध्याकाळी थकून परतताना टपावर सायकली आहेत हे विसरायला होते आणि कमानीखाली सायकल, टप आणि कॅरिअर तिन्ही एकदम जातात.

पिकअपचा मोह मला समजतो. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स या दोन्ही पिकअप पांढऱ्या, म्हणजे खासगी वाहनाच्या, पाटीवर मिळतात, पाच माणसे बसतात आणि चिखलाच्या सायकली सरळ हौद्यात टाकता येतात. पण दोन्हींची लांबी ५.३ मीटरच्या आसपास आहे आणि सोसायटीतील पार्किंगची जागा बहुधा पाच मीटरांची असते, त्यामुळे तिचे नाक किंवा शेपूट शेजाऱ्याच्या वाटेत येणार. हौद्याची लांबी जेमतेम दीड मीटर असते, म्हणजे मागची फळी बंद ठेवायची तर पुढचे चाक काढूनही सायकल थोडी तिरकीच ठेवावी लागते. चाक न काढता नेण्याची पद्धत म्हणजे जाड गादी घालून पुढचे चाक फळीबाहेर लटकवणे. परदेशातील चित्रफितींत हे फार छान दिसते, पण लोड मागे बाहेर येण्याचा प्रश्न इथेही आहेच. हौदा रिकामा असला की पाटे-स्प्रिंगची मागची बाजू खड्ड्यांत उडते, जे तुमच्या आईवडिलांना रोज सोसावे लागेल. किंमत वीस लाखांच्या पुढे सुरू होते, ती वेगळीच. बोलेरो कॅम्परसारखी पिवळ्या पाटीची गाडी स्वस्त आहे, परंतु फिटनेस प्रमाणपत्र, व्यावसायिक विमा आणि शहरांतील प्रवेशाच्या वेळा एवढे सगळे घरच्या गाडीसाठी कोण सांभाळणार?

चारचाकी ड्राइव्हचा आग्रह तर मुळीच धरू नका. राजमाचीला तुंगार्लीच्या बाजूने जाणारा कच्चा रस्ता हीच आपली ट्रेल आहे; त्या रस्त्यावर गाडी घालण्यात अर्थ काय? गाडी लोणावळ्यात ठेवून सायकलने राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी गाठायची आणि परत यायचे. पानशेत-मुळशीच्या बाजूलाही गाडी डांबरी रस्त्यावरच राहते. थार किंवा जिमनी आवडत असेल तर स्वतंत्र कारणासाठी अवश्य घ्या, पण दोन एमटीबी आणि तीन माणसे त्यांच्या आत मावणार नाहीत आणि मागच्या दारावरील स्टेपनीमुळे साधा पट्ट्यांचा रॅकही नीट बसत नाही. वेताळ टेकडी तर कोथरूडहून इतकी जवळ आहे की सायकल गाडीत घालण्यापेक्षा घरूनच चालवत निघावे.

पाच-सहा जणांचा गट जाणार असेल तेव्हा मोठी गाडी विकत घेण्यापेक्षा एक छोटा हत्ती भाड्याने ठरवणे सोपे पडते. त्याच्या सात फुटी हौद्यात सायकली चाके न काढता, एक आड एक उलट्या करून उभ्या राहतात. मध्ये गोधड्या, वरून ताडपत्री आणि दोन्ही बाजूंनी पट्टे. माणसांनी मात्र आपापल्या गाड्यांतून जावे, कारण मालवाहू हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही.

सायकली आत ठेवणार असाल तर दोन सवयी आधीच लावून घ्या. हायड्रॉलिक ब्रेक असलेले चाक काढले की लगेच कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) प्लॅस्टिकची पट्टी घालावी, कारण वाटेत कोणाचा हात लिव्हरला लागला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि ट्रेलच्या तोंडाशी ते उघडत बसावे लागते. दुसरी सवय चिखलाची. जून ते सप्टेंबर या काळात तळाला जाड ताडपत्री अंथरा, तिच्या कडा वर दुमडून घ्या म्हणजे पाणी सीटखाली जाणार नाही, आणि घरी पोहोचताच ती बाहेर काढून वाळवा. ओला गालिचा दोन दिवस बंद गाडीत राहिला तर तो कुबट वास दसऱ्यापर्यंत जात नाही. पाच लिटरचा कॅन आणि ब्रश सोबत ठेवून चेन आणि चाके जागेवरच धुतली तर निम्मा चिखल तिथेच राहतो. विम्याचेही पाहून घ्या, कारण गाडीच्या विम्यात आत ठेवलेली सायकल आपोआप येत नाही. तिचा वेगळा विमा लागतो.

मुलगी आज २० इंची सायकल चालवत असेल, तर दोन-तीन वर्षांत ती २४ इंचीवर जाईल आणि तिलाही तुमच्याबरोबर राजमाचीला यायचे असेल. तीन सायकली आणि तीन माणसे अर्टिगाच्या आकाराच्या गाडीत एकदम मावणे कठीण आहे. तेव्हा दोन मोठ्या सायकली आत आणि तिची आखूड, गाडीच्या रुंदीत बसणारी सायकल मागच्या रॅकवर, अशी विभागणी करता येईल. म्हणून आज गाडी पाहताना तिच्या मागच्या दारावर रॅकचे हुक धरतील अशा धातूच्या कडा आहेत का, की वर नुसता प्लॅस्टिकचा स्पॉयलर आहे, हेही एकदा हात लावून पाहून घ्या.