मांजराचं तीन महिन्यांचं पिल्लू बोका आहे की भाटी (मादी), कसं ओळखायचं? नसबंदी कधी करावी?

पिल्लू खाऊन सुस्तावलेलं असताना शेपूट हलकेच वर करून बघा. गुदद्वाराच्या खाली थोडं अंतर सोडून दुसरा गोल ठिपका दिसला, म्हणजे विसर्गासारखी आकृती, तर बोका. मधल्या जागेत या वयात वाटाण्याहून लहान गोळ्याही बोटाला लागतात. दुसरं छिद्र अगदी जवळ आणि उभ्या चिरेसारखं असेल तर भाटी. रंगावरूनही अंदाज येतो: पांढरं-काळं-नारिंगी असं तिरंगी पिल्लू जवळजवळ नेहमी मादीच असतं. नारिंगी बहुधा बोका, पण तिथे खात्री धरू नका.

नसबंदी जरूर करा, साधारण ५ महिन्यांच्या आत. भाटी चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि जेमतेम ९ आठवड्यांत विते. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हा सल्ला कृपया ऐकू नका. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. बोक्याचं काम लवकर उरकतं. भाटीचं पोट उघडावं लागतं, म्हणून टाके भरेपर्यंत दहाएक दिवस तिला उड्या मारू देऊ नका, टाके चाटू देऊ नका. आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, लहान पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवणं बाधतं.