अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या हायवेवरची ओसाड गावं, बंद मोटेलं बघायला एकट्याने जावं का? तिथे बघण्यासारखं काय आहे?

जावं, नक्की जावं. ‘तिथे बघण्यासारखं काय आहे’ हे मला माझ्या साडूंनीही विचारलं होतं, तेव्हापासून हे उत्तर मनात आहे.

आम्ही दोन्ही कुटुंबं अमारिलोहून अल्बुकर्कीला निघालो होतो. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या ऐन हद्दीवर ग्लेनरिओ लागतं. मी आय-४० हा नवा हायवे सोडून गाडी आत घेतली. रुंद जुना रस्ता, भेगांतून गवत आणि मोटेलच्या पाटीचा सांगाडा. एका दिशेने येणाऱ्याला ती ‘टेक्सासमधलं पहिलं’ म्हणायची, उलट दिशेच्याला ‘शेवटचं’. टेक्सासच्या त्या काउंटीत दारूबंदी, म्हणून बार न्यू मेक्सिकोच्या बाजूला. तिकडे पेट्रोलवर कर जास्त, म्हणून पंप टेक्सासच्या बाजूला. अख्खं गाव त्या एका रेघेवर पोट भरत होतं. १९७०च्या दशकात आय-४० शेजारून गेला आणि गिऱ्हाईकच तुटलं.

हे सांगत होतो तेवढ्यात साडूंनी पडक्या इमारतीतला फरशीचा तुकडा उचलून खिशात टाकला. मी म्हटलं, ठेवा जागेवर. तर म्हणाले, “अहो, पडीक जागा आहे, कुणाचं काय जातंय?”

पडीक म्हणजे बेवारस नव्हे. जागा कुणाच्या तरी नावावर असतेच, आणि ग्लेनरिओ तर २००७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. पण मला लागलं ते वेगळंच. खोपोलीजवळ जुन्या हायवेवर माझ्या काकांचं हॉटेल होतं. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि गल्ल्यावर माशा बसायला लागल्या. उद्या त्या हॉटेलची पाटी कुणी आठवण म्हणून उचकटून नेली तर चालेल का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी तुकडा टाकला, पण पुढचं टुकुमकारी गाव येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. अजूनही लग्नाकार्यात ‘हे फरशीवरून भांडले’ म्हणून सांगतात. भांडलोच, आणि पुन्हा भांडेन.

दारं फोडून आत शिरणारे, भिंती रंगवणारे, भुतांचे व्हिडिओ करणारे लोक मला सहन होत नाहीत. ही गावं भुतांनी ओस पाडलेली नाहीत. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट, म्हणजे आय-४० सारखे नवे हायवे आले, १९८५ मध्ये रूट ६६ नकाशावरून अधिकृतपणे उतरला, आणि मधल्या काळात एकेक गाव बाजूला पडत गेलं. ॲरिझोनातलं सेलिगमन तगलं, कारण एंजल डेलगाडिलो या न्हाव्याने १९८७ मध्ये गावकऱ्यांना घेऊन जुना रस्ता वाचवायची संघटना काढली. म्हणून जेवण आणि मुक्काम अशा जित्या गावांतच करा, तिथे चार पैसे सोडा.

एकट्याने जायचं तर पेट्रोल, पाणी भरपूर घ्या, फोनच्या रेंजवर विसंबू नका. ग्लेनरिओहून पश्चिमेला एंडीकडे जाणारा जुना रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असेल तर परत फिरा. टेक्सासमध्ये खांबावर, झाडावर जांभळा पट्टा दिसला की तो प्रवेशबंदीचा फलक समजायचा. आणि बंद खोल्यांत जाऊच नका. उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस होतो, १९९३ मध्ये याच नैर्ऋत्य भागात त्याने माणसं दगावली होती. रस्त्यावर उभं राहूनही सगळं दिसतं.