लॉग फाइल फुगली आहे. काढून टाकावी का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे हिशेब एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीवर आहेत. डेटाबेसची मुख्य फाइल ६ जीबीची आहे, पण शेजारची एलडीएफ फाइल, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी लॉग फाइल, ७४ जीबीवर गेल्याने डी ड्राइव्ह भरत आला आहे. पूर्ण बॅकअप रोज रात्री होतो. सर्व्हर बंद करून ही लॉग फाइल काढून टाकली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. वीज जाऊन सर्व्हर अचानक बंद पडला, तर अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करायचे की मागे घ्यायचे, हे डेटाबेस याच फाइलवरून ठरवतो.

आपली अडचण बहुधा अशी आहे, की रिकव्हरी मॉडेल (लॉगमधल्या नोंदी कधीपर्यंत जपायच्या हे ठरवणारी सेटिंग) ‘फुल’ आहे आणि लॉगचा स्वतंत्र बॅकअप कधीच घेतलेला नाही. या मॉडेलमध्ये पूर्ण बॅकअप कितीही नेमाने घेतला, तरी लॉगमधली जुनी जागा मोकळी होत नाही. ती लॉग बॅकअपनेच होते. ‘सिस डॉट डेटाबेसेस’ या सर्व्हरवरच्या डेटाबेसांच्या यादीत ‘लॉग_रीयूज_वेट_डेस्क’ हा रकाना पाहा; लॉगची जागा कशामुळे अडली आहे ते तो सांगतो. तिथे ‘लॉग_बॅकअप’ असेल तर निदान पक्के. ‘ॲक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन’ असेल, तर कुठला व्यवहार उघडा राहिला आहे ते आधी शोधावे लागेल.

लॉगचा पहिला बॅकअप मोठा होईल, म्हणून तो दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. त्यानंतर ‘डीबीसीसी श्रिंकफाइल’ ही आज्ञा लॉग फाइलचे नाव आणि २०४८ हा आकडा देऊन चालवा. आकडा एमबीमध्ये असतो, म्हणजे फाइल २ जीबीपर्यंत आणायची आहे. लॉगचा चालू भाग फाइलच्या शेवटाकडे असेल तर पहिल्या खेपेला फारसा फरक पडत नाही. अशा वेळी पुन्हा लॉग बॅकअप घेऊन तीच आज्ञा द्यावी. हावरेपणाने फाइल अगदी लहान करू नका, कारण ती पुन्हा वाढताना नव्या जागेत शून्ये लिहिली जातात आणि तेवढा वेळ काउंटरवरची नोंद अडून राहते.

यापुढे लॉग बॅकअप दर अर्ध्या तासाने आपोआप होईल असे पाहा. ‘सिंपल’ मॉडेल केले तर लॉगची जुनी जागा आपोआप मोकळी होते आणि ही यातायात वाचते, पण मग दुपारी डिस्क गेल्यास सकाळपासूनचा भरणा हाताने पुन्हा नोंदवावा लागेल; तेव्हा हा निर्णय संगणक सांभाळणाऱ्याने परस्पर न घेता संचालक मंडळाला विचारून घ्यावा.

मुख्य फाइलला मात्र हात लावू नका. ती आकसताना शेवटची पाने (डेटाचे छोटे ठोकळे) उचलून सुरुवातीकडच्या रिकाम्या जागांत कोंबली जातात, इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याच्या सूची) विस्कटतात आणि ते पुन्हा बांधायला घेतले की वाचवलेली जागा बरीचशी परत जाते. फाइल आपोआप आकसवणारी ‘ऑटो श्रिंक’ ही सोय सुरू असेल तर तेही आजच बंद करा.