यात तुम्हाला किती मिळतात?

प्रश्न : माझे यजमान मार्चमध्ये निवृत्त झाले. ते साठ वर्षांचे, मी अठ्ठावन्न. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४२ लाख एकाच बँकेत पडून आहेत. बँकेतला माणूस विम्याची पॉलिसी घ्या म्हणतो, भाचा शेअर्स घ्या म्हणतो. तुमचं सदर नेहमी वाचते, म्हणून विचारते. तुम्ही या कामात कशा आलात? आणि सल्लागारावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला लालबागच्या आमच्या खोलीतच मिळालं.

बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. आईने केईएममधल्या पेशंटांच्या नातेवाइकांचे डबे करायला घेतले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिची पाकिटं असत : भाडं, दूध, रेशन, शाळा. लग्नपत्रिकांची जुनीच पाकिटं, वर तिचं किरटं अक्षर. दुधाचे पैसे शाळेला लागले तर ती दुधाच्या पाकिटात चिठ्ठी टाकायची, किती घेतले आणि कधी परत ठेवायचे. हिशेब म्हटलं की मला अजून तो डबाच दिसतो.

पुढे गिरणी कायमची बंद पडली, बाबांना देणी मिळाली. ओळखीतल्याच एका एजंटाने त्यातले चाळीस हजार दामदुप्पट देणाऱ्या एका कंपनीत घालायला लावले. सोनेरी किनारीची ती जाड पावती बाबांनी देव्हाऱ्यात ठेवली होती. दीड वर्षात कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. आईने एजंटाला एवढंच विचारलं, "भावोजी, यात तुम्हाला किती मिळाले?" तो उत्तर न देता जिना उतरून गेला.

आणि एवढं पाहूनही बी.कॉम.नंतर मी विम्याची एजन्सी घेतली. चाळीतल्या एका काकूंना वीस वर्षांची पॉलिसी दिली. पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा पाव भाग मला कमिशन मिळालं. दोन वर्षं हप्ते भरले आणि काकांची नोकरी गेली. तीन वर्षं पूर्ण न भरल्यामुळे तेव्हाच्या नियमाने त्यांच्या हाती एक पैसा आला नाही. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांना हप्ता झेपेल का, हे मी विचारलंच नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते. एजन्सी सोडली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी' या सरकारी संस्थेने २०१३मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम आणले, तेव्हा परीक्षा देऊन नोंदणी केली. आता फक्त फी घेते, कमिशन नाही.

म्हणून समोर कोणीही बसलेलं असो, आईचा प्रश्न आधी विचारा. कमिशन घेणारा वाईटच असतो असं नाही, माझ्या ओळखीत अतिशय प्रामाणिक वितरक आहेत. पण आकडा सांगताना जो अडखळतो, त्याच्याकडे सही करू नका. नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. 'एआरएन' क्रमांक असेल तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक.

आता तुमचे ४२ लाख. पहिल्या भेटीत मी कुठल्याच योजनेचं नाव काढत नाही, तीन महिन्यांचा खरा खर्च लिहून आणायला सांगते. औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, गावची ये-जा, सगळं धरून. तो तुम्ही आजपासून लिहायला घ्या. तोवर एवढं लक्षात असू द्या : एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंतच ठेवविम्याचं संरक्षण असतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत यजमानांच्या नावे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. पगार थांबलेल्या घराला त्याचा मोठा आधार होतो. त्यांच्या कमाईवर आता कोणी अवलंबून नसेल तर नव्या विम्याची गरज मला दिसत नाही. सही होऊन गेली असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. शेअर्सचं खर्चाची वही भरल्यावर बघू. भाच्याला तोवर थांबायला सांगा.

आणखी एक. सल्लागाराकडे यजमानांना एकटं पाठवू नका. नवरा गेल्यावर कुठल्या बँकेत काय आहे हे ठाऊक नसलेल्या बायका माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. दोघं मिळून जा. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावलाय का ते तुम्ही स्वतः बघा, आणि पासबुकं तुमच्या पिशवीत असू द्या.