स्फटिकांतील दुर्बळ बंधांवर संशोधन करणारा रसायनशास्त्रज्ञ नेमके काय करतो?

आपला प्रश्न असा आहे की, मुलीला ज्या प्राध्यापकांकडे पीएच.डी.साठी प्रवेश मिळतो आहे त्यांच्या संशोधनाचा विषय ‘स्फटिकांतील नॉनकोव्हॅलंट आंतरक्रिया आणि सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र’ असा लिहिलेला आहे. त्याचा अर्थ काय, आणि जे बंध मुळातच दुर्बळ आहेत त्यांच्यावर चार-पाच वर्षे घालवून हाती काय लागते? मी स्वतः काही वर्षे सेंद्रिय पदार्थांच्या स्फटिकरचनांवर काम केलेले आहे, त्यामुळे दोन्ही भागांचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

ट्रंकेत ठेवलेली डांबराची गोळी काही महिन्यांत झिजून नाहीशी होते आणि उघडा राहिलेला कापूर हवेत उडून जातो, पण खडीसाखरेचा खडा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. गोळीतले नॅफ्थॅलीन उडून जाते तेव्हा त्याचा एकही रेणू मोडत नाही. रेणू फक्त एकमेकांना सोडून निघून जातात. रेणूच्या आत अणूंना बांधून ठेवणारा तो सहसंयुज बंध, आणि एका रेणूला शेजारच्या रेणूपाशी धरून ठेवणारी ती नॉनकोव्हॅलंट आंतरक्रिया. कार्बन–कार्बन एकेरी बंध तोडायला दर मोलला साधारण 350 किलोज्यूल लागतात. एका रेणूतल्या अणूला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनसारख्या अणूकडे ओढला जातो, त्याला हायड्रोजन बंध म्हणतात; ऑक्सिजन–ऑक्सिजनमधला असा चांगला बंध 20 ते 40 किलोज्यूलमध्ये सुटतो, तर याहून दुर्बळ आंतरक्रिया 10 किलोज्यूलच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतात. एकेकटी पाहिली तर ही ताकद नगण्य वाटते. पण साखरेच्या एका रेणूवर आठ ओ–एच (ऑक्सिजन–हायड्रोजन) गट असतात आणि स्फटिकात ते चहूबाजूंच्या रेणूंना धरून बसतात. म्हणूनच साखर तापवली की तिची वाफ होत नाही. रेणू परस्परांपासून सुटण्याआधी रेणूच आतून मोडू लागतो आणि कढईत कॅरॅमल तयार होते. अनेक दुर्बळ बंधांची बेरीज एका बलवान बंधाला भारी पडल्याचे हे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे.

सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र म्हणजे अशा आंतरक्रियांनी जमलेल्या रेणूसमूहांचा अभ्यास. रसायनशास्त्रज्ञ पेडरसन यांनी 1967मध्ये क्राउन ईथर नावाची कडी-रेणूंची मालिका प्रसिद्ध केली; त्यांपैकी एका कडीच्या पोकळीत पोटॅशियमचा आयन नेमका बसतो. या वाटेवरच्या कामासाठी पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना 1987चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा भर द्रावणातल्या दोन-चार घटकांवर होता. स्फटिकात तोच खेळ अब्जावधी रेणू एका शिस्तीत खेळतात, आणि क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे स्फटिकावर सोडलेले क्ष-किरण कसे विखुरतात त्यावरून, जवळजवळ प्रत्येक अणूची जागा मोजता येत असल्यामुळे कोण कोणाला कुठे धरून आहे हे तिथे प्रत्यक्ष दिसते.

या क्षेत्राची गोडी कळण्यासाठी मी नेहमी स्फटिकशास्त्रज्ञ जून सुटर यांची हकिगत सांगतो. मूळच्या न्यूझीलंडच्या सुटर लंडनच्या बर्कबेक कॉलेजात काम करत होत्या. थिओफिलीन (दम्यावरचे एक औषध) आणि कॅफीन यांच्या स्फटिकरचना त्यांनी 1958मध्ये प्रसिद्ध केल्या. हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन हा ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनला जोडलेला हवा, अशी तेव्हा ठाम समजूत होती. काही स्फटिकांत कार्बनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनच्या अपेक्षेपेक्षा जवळ येतो असे सुटर यांना दिसले, आणि हाही हायड्रोजन बंधच आहे असे त्यांनी 1962मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. 1968मध्ये डोनोह्यू या वजनदार स्फटिकशास्त्रज्ञाने हा दावा इतक्या कडक शब्दांत खोडून काढला की विषय बराच काळ थंडावला. पुढे 1982मध्ये केंब्रिजच्या रॉबिन टेलर आणि ओल्गा केनर्ड यांनी न्यूट्रॉन विवर्तनाने काढलेल्या 113 रचना तपासल्या. क्ष-किरणांना हायड्रोजन जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनांना तो स्वच्छ दिसतो. त्यामुळे हा पुरावा वजनाचा होता, आणि तो सुटर यांच्या बाजूने पडला. तोवर सुटर यांनी मूतखड्यांच्या संशोधनाकडे मोर्चा वळवलेला होता.

हा धागा पुढे नेऊन त्याला रचनाशास्त्राचे रूप देण्यात रसायनशास्त्रज्ञ गौतम देसिराजू यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे पदवीचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. नंतर इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी., मग तीस वर्षे हैदराबाद विद्यापीठ आणि 2009पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. 1995मध्ये त्यांनी ‘सुप्रामॉलिक्युलर सिंथॉन’ ही कल्पना मांडली. नाव अवघड असले तरी आशय सरळ आहे. दोन रेणूंवरचे ठरावीक गट भेटले की ते पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीने हातात हात घालतात. ती पद्धत ओळखली की तिचा वापर विटेसारखा करून हव्या त्या रचनेचा स्फटिक बांधण्याचा प्रयत्न करता येतो. यालाच क्रिस्टल इंजिनिअरिंग म्हणतात. हायड्रोजन बंधाची जी व्यापक व्याख्या आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2011मध्ये प्रसिद्ध केली, ती ठरवणाऱ्या गटाचे नेतृत्व भारतीय विज्ञान संस्थेच्याच ई. अरुणन यांच्याकडे होते आणि देसिराजूही त्या गटात होते. कार्बनला जोडलेला हायड्रोजन त्या व्याख्येत रीतसर सामावला गेला.

कॅफीनकडे परत येतो, कारण उपयोगाचे उत्तर तिथेच आहे. कॅफीनच्या रेणूवर एकही ओ–एच किंवा एन–एच गट नाही, म्हणजे देण्यासारखा बलवान हायड्रोजनच नाही. कोरडे कॅफीन दमट हवेत पाणी शोषून हायड्रेट बनते, आणि गोळ्या तयार करणाऱ्यांना असा बदल परवडत नाही. 2005मध्ये केंब्रिजमधील एका गटाने कॅफीन आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचा संयुक्त स्फटिक, म्हणजे कोक्रिस्टल, तयार केला. त्यात आम्लाचा ओ–एच कॅफीनच्या नायट्रोजनला धरतो आणि त्याच वेळी कॅफीनचा सी–एच आम्लाच्या ऑक्सिजनकडे झुकतो. एक बलवान आणि एक दुर्बळ अशी ही जोडगोळी. हा स्फटिक दमटपणातही टिकला. कॅफीनचा रेणू तोच राहिला, एकही सहसंयुज बंध बदलला नाही, तरी पदार्थाचे वागणे बदलले.

उलट बाजूचे उदाहरण रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाचे आहे. ते 1996मध्ये बाजारात आले, आणि 1998मध्ये त्याच रेणूचे आधी कोणी न पाहिलेले, अधिक स्थिर आणि बरेच कमी विरघळणारे स्फटिकरूप कॅप्सूलमध्ये अवतरले. रेणूंनी आपापसात हात धरण्याची वेगळी, अधिक सोयीची पद्धत शोधून काढली होती. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या आणि औषध नव्याने घडवावे लागले. एकाच रेणूच्या अशा अनेक रूपांना बहुरूपता म्हणतात. अशा दोन रूपांच्या ऊर्जेतला फरक बहुतेकदा 5 किलोज्यूलपेक्षाही कमी असतो. म्हणून रेणूची आकृती पाहून त्याचा स्फटिक कसा होईल हे सांगणे संगणकालाही आजवर जड गेले आहे.

हायड्रोजनखेरीज इतर अणूही या कामात उतरतात. कार्बनला जोडलेल्या आयोडीनच्या टोकाला, बंधाच्या अगदी सरळ रेषेत, इलेक्ट्रॉन विरळ असतात आणि तिथे शेजारचा नायट्रोजन किंवा ऑक्सिजन येऊन चिकटतो. हा हॅलोजन बंध. आययूपॅकने त्याची व्याख्या 2013मध्ये दिली. तो दिशेच्या बाबतीत हायड्रोजन बंधाहूनही काटेकोर असतो, हे मला व्यक्तिशः फार आवडते.

आता एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो. या विषयातल्या पुष्कळ शोधनिबंधांत दोन अणू थोडे जवळ दिसले की लगेच तुटक रेषा ओढली जाते आणि तिला बंध म्हटले जाते. ती जवळीक आकर्षणामुळे आहे, की बाकीच्या रेणूंच्या रेट्यामुळे ते अणू तिथे कोंबले गेले आहेत, हे ऊर्जेचे गणित केल्याशिवाय आणि स्फटिकरचनांच्या केंब्रिजमधील संगणकीय संग्रहातल्या तशाच इतर रचना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. त्या संग्रहात 2019मध्येच दहा लाख रचना झाल्या होत्या, तेव्हा पडताळा न पाहण्याला सबब उरलेली नाही. मुलीने मार्गदर्शकांना भेटल्यावर, आपल्या गटात हा पडताळा कसा घेतात, एवढे अवश्य विचारावे. त्या उत्तरावरून गटाचा दर्जा मला तरी लगेच कळतो.

रोजचे काम कसे असते, तेही सांगतो. पहिले काही महिने छोट्या काचकुप्यांत द्रावणे ठेवणे, तोंडावर फॉइल लावून त्याला सुईने भोके पाडणे आणि द्रावक हळूहळू उडण्याची वाट पाहणे यांतच जातात. घाई केली की भुकटी मिळते, आणि पावसाळ्यात हवे ते रूप सोडून हायड्रेट मिळते. चांगला स्फटिक दिसला की तो सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या थेंबात निवडून बारीक फासावर उचलायचा आणि थंड नायट्रोजनच्या झोतात क्ष-किरण यंत्रावर बसवायचा. मोजमाप आता काही तासांत होते. माझा पहिला उपयोगी स्फटिक मात्र ज्या कुपीत आला, ती मी निरुपयोगी म्हणून खिडकीत विसरलो होतो.